थंडी नसलेल्या थंडीत तळ्याकाठचा एक दिवस : गोव्यात आखणी कशी करावी

डिसेंबर लागला की पुण्या-कोल्हापूरच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "मयेच्या तळ्यावर जायचंय, स्वेटर किती आणू?" मी डिचोलीत राहतो, मये आमच्या बाजूलाच, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. मग मंडळी येतात. सकाळी उशिरा उठून, पोटभर नाष्टा करून, साडेअकराला तळ्यावर पोचतात आणि दीड वाजता घामाघूम होऊन "तुमच्या गोव्यात थंडी नसतेच" असे सांगत परत निघतात. थंडी असते. पहाटेपासून साडेनऊपर्यंत असते, आणि तेवढ्या वेळात ही मंडळी अंथरुणात असतात.

यंदासारख्या वर्षी तर अवघड आहे. पौषातही पंखा बंद झालेला नाही. अशा वर्षी सहल रद्द करण्याचे कारण नाही, पण कॅलेंडर बघून आखलेली सहल फसते. घड्याळ आणि वारा बघून आखावी लागते. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. पहिला टप्पा गाळून थेट डबा भरायला घेतला तर डबाही चुकतो.

१. ऊब कोणत्या जातीची, ते आधी ओळखा

पणजीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारण २०-२१ अंशांपर्यंत उतरते, दिवसाचे ३२-३३ पर्यंत चढते. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या आतल्या तालुक्यांत रात्र आणखी दोन-चार अंशांनी थंड. हे नेहमीचे. हे बिघडते ते दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी, आणि दोन्हींची तयारी वेगळी.

पहिली तऱ्हा दमट उबेची. अरबी समुद्रावरून ढग आणि बाष्प येते, रात्री आकाश झाकलेले राहते, जमिनीची उष्णता वर निसटत नाही. पहाटेही २३-२४ अंश, अंगाला चिकचिक, दंव नाही. दिवसाचा पारा फार चढत नाही, पण डास, आंबलेले जेवण आणि एखादी अवकाळी सर यांची तयारी हवी.

दुसरी तऱ्हा कोरड्या उबेची, आणि फसवी हीच. पहाट छान गार असते. लोक म्हणतात, वा, थंडी पडली. पण घाटाकडून पूर्वेचा वारा जोरात असतो, तो समुद्रावरून येणाऱ्या दुपारच्या वाऱ्याला अडवून धरतो. नेहमी अकरा-बाराला येणारा तो गार वारा दोन-तीनपर्यंत येत नाही आणि पारा ३५ वर जातो. तळी बहुतेक आत असल्याने तिथे तो आणखी उशिरा पोचतो. ओठ फुटतात, घाम जाणवत नाही, पाणी प्यायचे लक्षात राहत नाही. दुपारी डोके धरून बसलेला माणूस बहुधा याच दिवसातला असतो.

ओळखायचे कसे? हवामान खात्याचा अंदाज बघाच, पण कमाल तापमानाच्या आकड्यावर थांबू नका. किमान तापमान, आर्द्रता आणि सकाळच्या वाऱ्याची दिशा हे तीन बघा. शिवाय घरची खूण आहेच. रात्री दहाला अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवरून हात फिरवा. ओली लागली आणि वर चांदण्या स्वच्छ दिसल्या तर पहाट चांगली मिळणार. कोरडी असून आकाश धुरकट-ढगाळ असेल तर दमट ऊब. सीट कोरडी, आकाश स्वच्छ आणि माडांच्या झावळ्या रात्रीही सळसळत असतील तर दुसऱ्या दिवशी पूर्वेचा वारा धरून चाला.

तपासा : किनारी भागात पारा ३७ वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर गेला की हवामान खाते उष्णतेची लाट म्हणते. असा इशारा असेल त्या दिवशी लहान मुले आणि सत्तर वर्षांपुढची माणसे घेऊन जाऊच नका. फेब्रुवारीच्या शेवटी सहल ठेवणाऱ्यांनी हे विशेष बघावे.

२. तळे एकच निवडा, आणि कशासाठी जातो ते ठरवून निवडा

एका दिवसात तीन तळी करणारे लोक मला माहीत आहेत. त्यांनी तीन पार्किंग बघितली.

होडीत बसायचे असेल, सोबत मुले-म्हातारी माणसे असतील तर मये. टेकड्यांनी वेढलेले तळे, पायडल मारायच्या होड्या, बसायला जागा, राहायची सोय. पक्ष्यांसाठी जाणार असाल तर जुन्या गोव्याजवळचे करमळीचे तळे. कोकण रेल्वेचे करमळी स्थानक तळ्याला लागूनच आहे, गाडीची गरजही नाही. तिथे होडी नाही, उपाहारगृह नाही, पाण्यावर वनस्पतींचा दाट थर असतो. "पाणीच दिसत नाही" म्हणून नाराज होऊ नका, पक्षी त्या वनस्पतींसाठीच येतात. दक्षिण गोव्यात राहत असाल तर कुडचड्याचे नंदा तळे बघा. गोव्यातली पहिली रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा तीच, २०२२ मध्ये जाहीर झाली. पसारा ४२ हेक्टरांचा, काठाने शांतपणे चालण्याजोगा.

धरणांपैकी साळावली आणि अंजुणे यांना लोक जातात. साळावलीबद्दल दोन गैरसमज दर हिवाळ्यात ऐकतो. एक म्हणजे बदकाच्या चोचीसारखा तो गोल सांडवा. तो धरण काठोकाठ भरले की वाहतो, म्हणजे पावसाळ्यात. जानेवारीत बहुधा कोरडे काँक्रीट दिसते. दुसरा म्हणजे पाण्याखाली गेलेले कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. ते वर येते मे महिन्याच्या सुमारास, पाणी पार ओसरल्यावर. हिवाळ्यात तिथे नुसते पाणी असते. साळावलीला जायचे तर धरणाखालच्या बागेत सावलीला बसायला जा. अंजुणे चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, पहाटेची हवा सगळ्यात छान तिथली, पण तिथे गोचिडीचे प्रकरण आहे. त्यावर पुढे सविस्तर.

सावधान : डिचोली-सांगे भागात खाणींचे जुने खंदक पाण्याने भरलेले आहेत. हिरवेनिळे पाणी, फोटोत सुंदर. त्यांना तळे समजू नका. काठ सरळ तुटलेला आणि भुसभुशीत असतो, दोन पावलांवर खोली किती ते सांगता येत नाही, आणि वर यायला धरायला काही नसते.

३. दिवस आणि मुक्काम

नाताळ ते ५ जानेवारी सोडून द्या. खोलीचे भाडे दुप्पट आणि रस्ता अर्धा. त्यानंतरचा मंगळवार-बुधवार उत्तम.

मुक्काम करणार असाल तर खोली घेताना "लेक व्ह्यू आहे का" एवढेच विचारले जाते. मी तीन गोष्टी विचारतो : खिडक्यांना डासांची जाळी आहे का, गॅलरी पश्चिमेला आहे का, आणि वीज गेली तर पंखा चालतो का. पश्चिमेची गॅलरी दुपारी तीनपासून तापते आणि भिंत रात्री नऊपर्यंत ती ऊब परत करत राहते. नेहमीच्या थंडीत हे सुखाचे असते, यंदा नाही. एका ठिकाणी आम्ही अशी खोली घेतली होती आणि रात्री गाद्या ओढून पॅसेजमध्ये झोपलो. दार उघडे ठेवावे तर डास, बंद ठेवावे तर भट्टी. पूर्वेची खोली मागा, मग सूर्योदयही अंथरुणातून दिसेल.

४. आदल्या रात्रीची तयारी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा रेंगाळतो.

डबा. गोव्याच्या माणसाला सहलीलाही हुमण, म्हणजे माशांची आमटी, लागते. पण ओल्या नारळाचे हुमण उबेच्या दिवसात टिकत नाही. सकाळी सहाला गरम गरम डब्यात भरून झाकण घट्ट लावले की आतली वाफ तिथेच राहते, आणि साडेबाराला झाकण काढताना कडेला बारीक फेस दिसतो. आमच्याकडे हा फेस बघून मेव्हणे म्हणाले, "उकळी अजून जिवंत आहे वाटतं." ती उकळी नव्हती. सात माणसांनी नुसता भात आणि लोणचे खाल्ले.

तर नारळाचे, दह्याचे, उकडलेल्या बटाट्याचे काही नको. कोरडे न्या. सुक्या सुंगटांचे (कोळंबीचे) किसमूर, म्हणजे कांदा-खोबरे घातलेली कोरडी कोशिंबीर, हा उत्तम उपाय, पण क्रम पाळा. सुंगटे रात्री कुरकुरीत भाजून, पूर्ण गार करून हवाबंद डब्यात ठेवा. कांदा अख्खा न्या, तिथे चिरा. खोवलेले खोबरे बर्फाच्या डब्यात वेगळे, आणि ते जेवायच्या क्षणी मिसळा. आधी कालवून नेलेले किसमूर दुपारी ओलसर, वासाचे होते. शाकाहारी मंडळींना भाजलेल्या तिळाची किंवा कुळथाची चटणी, सुकी तांबडी भाजी खोबरे न घालता, तोर (कोवळ्या कच्च्या) आंब्याचे लोणचे. सोबत पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव. पदेर (पाववाला) पहाटे तुमच्या आधी येईलच याचा भरवसा नाही, म्हणून संध्याकाळचीच घेऊन कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर सकाळी चामडे झालेली असते.

गरम पदार्थ न्यायचाच असेल तर एक नियम : एकतर वाफाळता थर्मासमध्ये, नाहीतर पूर्ण गार करून. कोमट काही डब्यात भरायचे नाही.

पाणी. माणशी तीन लिटर, त्यातले एक लिटर रात्री फ्रीझरमध्ये घट्ट गोठवून. तीच बाटली खोबऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली की बर्फ वेगळा घ्यावा लागत नाही आणि दुपारी प्यायला गार पाणी मिळते. बाटली वरपर्यंत भरू नका, गोठताना फुटते. सोलकढीऐवजी तिवळ करा, म्हणजे नारळाचा रस न घालता कोकम, मीठ, जिरे, हिरवी मिरची. मीठही पोटात जाते. ओआरएसची दोन पाकिटे खिशात असू द्या.

कपडे. स्वेटर नको. स्कूटरवरून जाणाऱ्याला पहाटेच्या वाऱ्यापुरती एक शाल किंवा पातळ जॅकेट पुरते, आणि ते आठ वाजता काढून डिकीत टाकता येते. अंगात पूर्ण बाह्यांचा फिकट सुती सदरा, पूर्ण पँट, मोजे. गडद निळ्या-काळ्या कपड्यांना डास जास्त लागतात आणि त्यांच्यावर गोचीडही दिसत नाही. टोपी कडेची.

पिशवीत आणखी : ताडपत्रीचा तुकडा (नुसती चादर दंवाने पाच मिनिटांत भिजते), डासांचे मलम, बारीक चिमटा, टॉर्च, सुटे पैसे, कचऱ्याच्या दोन पिशव्या, आणि पाच लिटरचा रिकामा कॅन व दहा-बारा मीटर दोरी. कॅन कशाला ते सहाव्या टप्प्यात.

तपासा : झोपण्यापूर्वी होड्यांची वेळ फोन करून विचारली का? गाडीत पेट्रोल आहे का? पहाटे साडेपाचला उघडा पंप शोधत फिरणे म्हणजे थंडीचा अर्धा तास जाळणे.

५. निघणे

या दिवसांत सूर्य सातच्या आगेमागे उगवतो. तळ्यावर पावणेसातला पाय टेकला पाहिजे. पणजीहून मयेला जाणाऱ्यांनी एकदा तरी जुने गोवे, दिवाडी, नार्वे असा दोन फेरीबोटींचा रस्ता धरावा. अंतर कमी, आणि मांडवीवर धुके असेल तर तेच एक दृश्य. पण पहाटे फेरी किती वेळाने आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि हाताशी वीस मिनिटे जास्त ठेवा. फेरी चुकली की सगळे वेळापत्रक सरकते. घाई असेल तर सरळ मोठ्या रस्त्याने जा.

आतल्या तालुक्यांत पहाटे धुके दाट उतरते. हेडलाइट मंद ठेवा, प्रखर केला की पांढरी भिंतच समोर येते. चष्मेवाल्या स्कूटरस्वारांनी हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवावी.

नाष्टा घरून करून निघू नका. चहा थर्मासमध्ये, नाष्टा तळ्यावर. हा एक बदल केला की चाळीस मिनिटे मिळतात.

६. सकाळ : सात ते साडेनऊ

हीच तुमची सहल. बाकीचा दिवस जोडकाम आहे.

आधी उभे राहायची जागा. पक्षी बघायचे तर सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहून पश्चिमेकडे बघायचे. उलट्या काठावर उभे राहिलात तर पाण्याची चकाकी डोळ्यांत आणि प्रत्येक पक्षी काळा ठिपका. करमळीला जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, अडई बदके सहज दिसतात. तलवार बदकांसारखे पाहुणे दिसतील की नाही हे पाण्याची पातळी आणि वर्ष यांवर. पहिली दहा मिनिटे काहीही न बोलता, न हलता बसा. गेल्या खेपेला माझा भाचा पाचव्या मिनिटाला कंटाळला. सातव्या मिनिटाला आमच्यापासून बारा-पंधरा हातांवर कमळाच्या पानावर एक कमळपक्षी आला. त्याची बोटे इतकी लांब की पान जेमतेम झुकत होते. तो पान उलटून खालचे किडे टिपायचा, पुढच्या पानावर जायचा, ते उलटायचा, शिधापत्रिका तपासणाऱ्या कारकुनासारखा. भाचा साडेआठपर्यंत उठला नाही.

ड्रोन उडवू नका, टाळ्या वाजवून थवा उठवू नका. थवा उठल्याचा फोटो मिळतो आणि पक्षी त्या दिवसापुरते जातात.

मग होडी. ती सुरू होताच, उन्हाच्या आधी. लाइफ जॅकेट घातले म्हणजे झाले असे नाही. बकल लावल्यावर खांद्याजवळ धरून वर ओढा. कानापर्यंत आले तर सैल आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मोठ्यांचे जॅकेट घालून बसवू नका, मापाचे नसेल तर मुलाला काठावर ठेवा, रडू दे. पायडलची होडी हलकी आणि वर उंच असते, वारा तिला पानासारखी ढकलतो. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, परतताना वारा पाठीशी राहील. बहुतेक लोक उलटे करतात, मजेत पलीकडे वाहत जातात आणि येताना मांड्या भरून येतात. तळ्यावरचा एक होडीवाला मला दर वेळी हेच सांगतो, "वारें सुटचे पयलीं परत यो." म्हणजे वारा सुटण्याआधी परत ये.

सावधान, आणि हे मोठ्या अक्षरांतले समजा : पाण्यात उतरू नका. थंड हिवाळ्यात हा मोह होत नाही, म्हणून ऊबदार हिवाळा जास्त धोक्याचा. वरचे हातभर पाणी उन्हाने कोमट लागते, खाली ते एकदम गार असते. पायात गोळा येतो, दम लागतो. धरणांच्या तळाशी जुन्या झाडांची खोडे आहेत, काठाला गाळ आहे, त्यात पाय रुतला की चांगला पोहणाराही अडकतो. साळावलीचे पाणी तर दक्षिण गोव्यातल्या बऱ्याच लोकांच्या पिण्याचे. करमळीजवळच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पाहुण्यांना नसते, त्यांना सांगा.

कोणी पडलेच तर मागून उडी मारू नका. त्यासाठीच तो कॅन. तळाशी ओंजळभर पाणी ठेवा म्हणजे लांब फेकला जातो, बूच घट्ट, मुठीला दोरी. बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी त्याच्या हाताशी ओढत आणायची. आणि दुसऱ्याने ११२ किंवा १०८ लावायचा.

७. गोचीड : सत्तरीत आणि जंगलाला लागून असलेल्या काठांवर

सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्याने येतो, आणि त्याचा हंगाम म्हणजे नेमके हे कोरडे महिने, साधारण डिसेंबर-जानेवारी ते मे. घाबरून अंजुणे टाळायची गरज नाही, बसायची पद्धत बदलायची गरज आहे.

पाचोळ्यावर बसू नका, काजूच्या बागेत सावली दाट असली तरी चादर टाकू नका. मोकळ्या, झाडलेल्या जागेवर किंवा दगडावर बसा. पँट मोज्यात खोचा, दिसते हास्यास्पद, चालेल. उघड्या अंगाला आणि मोज्यांच्या कडेला डास-गोचीड प्रतिबंधक तेल लावा. दर तासाला एकमेकांचे मोजे, गुडघ्याची मागची बाजू, कमरेची पट्टी बघा. या गोचिडी गुरांच्या अंगावरच्या टपोऱ्या गोचिडीसारख्या नसतात, तिळाएवढ्या असतात. भाचीच्या पांढऱ्या मोज्यावर मी तो तीळ बघितला आणि काजळ लागले असेल म्हणून सोडणार होतो, तेवढ्यात तो चालू लागला.

चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. काडी पेटवून चटका देणे, रॉकेल ओतणे, बोटांनी चिरडणे यांतले काही नको. जागा साबणाने धुवा. माकडांना खायला घालू नका. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वन खात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.

८. दुपार : तळे सोडा

दहा वाजले की सामान आवरा. "आलोच आहोत तर बसू" हीच ती चूक. साडेदहा ते साडेतीन तळ्याच्या काठी ऊन वरूनही लागते आणि पाण्यावरून उलटूनही. टोपीखालचा चेहरा कसा काय भाजला, हे लोकांना रात्री कळत नाही.

मयेहून नार्वेचे सप्तकोटेश्वर देऊळ जवळ आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधून घेतलेले हे देऊळ भर दुपारीही आत गार असते. करमळीहून जुन्या गोव्याच्या चर्चांकडे जा, त्या जाड चिऱ्याच्या भिंती दुपारसाठीच बांधल्यासारख्या आहेत. साळावलीला बागेतली झाडे. डबा सावलीत, साडेबाराच्या आत संपवा. उरलेले घरी न्यायचे नाही.

गाडीत म्हातारी माणसे किंवा मुले "पाच मिनिटांसाठी" ठेवून जाऊ नका, काचा बोटभर उघड्या असल्या तरी.

चूल पेटवून काठावर मटण शिजवायचा बेत असेल तर सोडून द्या. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक आणि मद्यपान यांवर २०१९ पासून कायद्याने दंड आहे, आणि रक्कम खिशाला लागण्याजोगी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कोरड्या उबेच्या दिवशी पूर्वेचा वारा आणि वाळलेले गवत असताना एक ठिणगी कुणाची तरी काजूची बाग घेऊन जाते. नेमका मोहोर धरायचा हंगाम असतो. सिगारेटचे थोटूक पाण्यात विझवून पिशवीत टाका.

९. संध्याकाळ आणि परत

चार वाजता पुन्हा तळ्यावर जायचे तर जा. समुद्राकडचा वारा तोवर पोचलेला असतो. टेकड्यांतल्या तळ्यावर सूर्य घड्याळाच्या आधी डोंगराआड जातो, म्हणून फोटो पाचच्या आत. सव्वासहाला सूर्यास्त, आणि त्यानंतरचा तास डासांचा. दमट दिवस असेल तर पावणेसहालाच उठा. अंधार पडल्यावर गवतातून टॉर्चशिवाय चालायचे नाही. घोणस आणि फुरसे यांना थंडी आहे की नाही याच्याशी देणेघेणे नसते.

कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसने आला असाल तर शेवटच्या बसची वेळ सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. शेवटच्या फेरीबोटीचेही तसेच.

घरी आल्यावर पिशवी आधी अंगणात झटका, मग आत. कपडे थेट गरम पाण्यात. सगळ्यांनी साबण लावून आंघोळ करा, मुलांच्या कानामागे आणि केसांच्या मुळाशी बोटे फिरवून बघा. पुढच्या आठ-दहा दिवसांत कुणाला अचानक ताप, डोके फुटेल असे दुखणे, अंग मोडून येणे झाले तर घरच्या घरी गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, कोणत्या तारखेला, कोणत्या गावच्या तळ्यावर गेलो होतो. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.